लाल बाजूचे सुभेदार

शत्रू रोज सकाळी पावणेनऊला स्कूटरवरून यायचा. फाटकापाशी हेल्मेट काढून पहारेकऱ्याला रामराम घालायचा, डबा काखोटीला मारायचा आणि थेट आमच्या प्रयोगशाळेत येऊन विचारायचा, "काय मॅडम, आज कुणावर हल्ला?"

सुभेदार उत्तम फडतरे, निवृत्त, वय छप्पन्न. सातारा जिल्ह्यात काही गावं अशी आहेत की तिथल्या घराघरातून एक तरी माणूस फौजेत असतो, त्यांतल्याच एका गावचे. सव्वीस वर्षं पायदळात काढलेली, त्यातली निम्मी बर्फात. फौजेत कर्नलसुद्धा सुभेदाराला 'साहेब' म्हणतो, म्हणून आम्हीही म्हणायचो. पाठीमागे मात्र सगळं केंद्र त्यांना 'गनीम साहेब' म्हणायचं आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. अकरा वर्षं ते आमचे शत्रू होते, आणि त्याचा त्यांना दरमहा पगार मिळत होता.

पुण्याबाहेर एका टेकडीआड आमचं केंद्र. मी तिथली गणिताची, शर्वरी देवस्थळी. आमच्या यंत्राचं सरकारी नाव दीड ओळीचं होतं. आम्ही त्याला नुसतं 'पट' म्हणायचो. एखादी खिंड घ्यायची आणि तिची हुबेहूब प्रतिकृती पटावर उभी करायची: बर्फ किती, वारा कुठल्या वेळी कुठून, ऊन कोणत्या कड्यावर किती वाजता. त्यात आपले जवान. प्रत्येकाच्या बुटाच्या तळव्यात एक पातळ पट्टी असते. पाय कसा पडतो, माणूस किती दमलाय, सगळं ती सांगते, आणि पटावरचा त्याचा बाहुला तसाच चालतो. मग एकच लढाई थोडेथोडे फरक करून लाख वेळा लढवायची आणि कुठे काय घडण्याची शक्यता किती, ते काढायचं. आपली फौज निळी, पलीकडची लाल.

अडचण लालची होती. त्यांच्या तोफा उपग्रह मोजतो, मन कोण मोजणार? सुरुवातीला आम्ही लाल बाजूही यंत्रालाच खेळायला दिली. यंत्र फार शहाणं निघालं. ते कधी चिडत नसे, हट्टाला पेटत नसे, वरिष्ठांना खूश करायला घाईनं चढाई करत नसे. खरे सेनापती हे सगळं करतात. तेव्हा ठरलं की लाल बाजूला माणूस बसवायचा. फडतरे साहेब नुसते चाचणीला आले आणि तीन दिवसांत त्यांनी निळ्या फौजेला चार वेळा धूळ चारली. त्यातल्या एका वेळी निळ्या बाजूला एक बडे साहेब स्वतः बसले होते. ते चहा न घेता निघून गेले.

उत्तमराव दिवसाला पाचसहा डाव खेळायचे. पट त्यावरून त्यांच्या मनाचा साचा उचलायचा आणि उरलेले लाख डाव त्या साच्यातून स्वतः खेळायचा. त्यासाठी त्यांच्या डोक्याला एक टोपी आणि तळहाताला तिची एक तार असे. डोळ्याची बाहुली किती रुंदावली, तळहाताला किती घाम आला, चाल करण्याआधी बोट किती क्षण थबकलं, यावरून ती एक आकडा काढायची, शून्य ते शंभर. त्या आकड्याला आम्ही 'कच' म्हणायचो. माणूस जिथे कच खातो तिथे खरा सेनापतीही खाईल, म्हणून ती चाल साच्यात हलकी धरायची, म्हणजे ती होण्याची शक्यता कमी मोजायची. हे गणित माझं. त्यासाठी मला एक पदक मिळालंय, ते सध्या ड्रॉवरमध्ये असतं.

उत्तमरावांची कच अकरा वर्षांत कधी बाराच्या वर गेली नव्हती. इतका निर्दय शत्रू मिळणं हे आमचं भाग्यच म्हणायचं.

निर्दय, पण तोंडानं अगदी सोवळे. आपले जवान पटावर मारले गेले की ते 'मेले' म्हणायचे नाहीत, 'बसले' म्हणायचे. "मॅडम, तुमचे बारा बसले." हे घरचं वळण. टेकडीच्या पायथ्याच्या वसाहतीत त्यांना दोन खोल्यांचं घर होतं आणि त्या घरात सुवर्णाताईंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, राज्य होतं. अशुभ बोलायचं नाही, वास्तू 'तथास्तु' म्हणते. निघताना 'जातो' नाही, 'येतो' म्हणायचं. कामावरून आल्यावर आधी पाय धुवायचे. "तुमचा तो गनीम चपलेबरोबर भाईर काढून या," असं त्या दारातच सांगायच्या. मी या सगळ्याला हसायची. मला अंधश्रद्धांची चीड आहे आणि ती मी लपवत नाही. पण त्यांच्या हातचं थालीपीठ खायला आठवड्यातून दोनदा जायची, हेही खरं.

त्यांचा एकुलता मुलगा प्रज्वल पायदळात होता. बावीस वर्षांचा.

*

ऑक्टोबरात युद्ध सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात सगळं एका खिंडीवर येऊन ठेपलं. तिचं नाव कांगथांग. पाच दिवसांत मोठा बर्फ पडणार आणि वाटा बंद होणार होत्या. तोवर जो खिंडीत बसेल, त्याच्याकडे खालचं खोरं पुढचे सहा महिने राहणार. आपली एक ब्रिगेड सात चौक्यांवर विखुरलेली, समोर जवळपास दुप्पट फौज. पुन्हा संधी कुणालाच नव्हती. ते पाच दिवसांत येणार हे नक्की. प्रश्न इतकाच होता, की कुठून. सातही चौक्या भक्कम करण्याइतकी माणसं आपल्याकडे नव्हती.

मंगळवारी सकाळी उत्तमराव टोपी घालून बसले. नियमाप्रमाणे त्यांना पलटणींची नावं कळत नाहीत, जवान नुसते आकड्यांनी दिसतात. ज्याचा नातेवाईक त्या लढाईत आहे त्यानं खेळायचं नाही, असाही नियम आहे. आमच्या कागदांत प्रज्वलची पलटण दीडशे किलोमीटर दूर होती.

दहा वाजता उत्तमरावांनी चष्मा काढून पुसला. परत घातला. सहा नंबरच्या चौकीकडे बघत राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई. डोळ्यात गेलं कायतरी."

सहा नंबरची चौकी म्हणजे तीनशे फूट बर्फाच्या कड्यावर नऊ माणसं. त्या दिवशी उत्तमराव सहा डाव खेळले. पूर्वेच्या घळीतून आले, पश्चिमेच्या वाटेनं आले, दोन्हींकडून आले. सहा नंबरकडे बोट गेलं की थबकायचं आणि कच सत्तर, पंच्याहत्तर, एकदा तर एक्क्याण्णव. माझ्या मनात संशय यायला हवा होता. आला नाही. मला वाटलं, सव्वीस वर्षांचा अनुभव बोलतोय, त्या कड्यावरून कुणी शहाणा येणार नाही. संध्याकाळी पटानं निकाल दिला: पूर्वेकडून एकसष्ट टक्के, पश्चिमेकडून सदतीस, सहा नंबरवरून दोन.

मी तो खिंडीवरच्या ब्रिगेडियर साहेबांना पाठवला. त्यांचं उत्तर अर्ध्या तासात आलं. सहा नंबरवरची चार माणसं काढून पूर्वेला हलवणार, बुधवारी रात्री.

निघताना उत्तमराव पटाला 'येतो' म्हणाले नाहीत. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

*

बुधवारी ते दुपारी तीनलाच उठून घरी गेले, डोकं दुखतंय म्हणून. चारला मी त्यांच्या घरी गेले. मला राग आला होता. युद्ध चालू आहे आणि शत्रूचं डोकं दुखतंय!

सुवर्णाताई परातीत भाकरीचं पीठ घेऊन बसल्या होत्या. उत्तमराव भिंतीला टेकून जमिनीवर.

"बसा, ताई," सुवर्णाताई म्हणाल्या. "कालपासनं ह्यांनी घास खाल्ला न्हाई. पाय न धुता घरात आले. मी तोंड उघडलं तर अंगावर वरडले. काय झालंय हो तिकडं?"

मी उत्तमरावांसमोर बसले. "साहेब, सहा नंबरपाशी तुम्ही अडता. का?"

"तिकडनं कोण येत न्हाई, मॅडम. नुसता बर्फ हाय."

"तो येणार नाही, की तुम्ही?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"साहेब, मी काल अहवाल दिलाय. आज रात्री सहा नंबरवरची चार माणसं काढणार आहेत. ते बरोबर आहे ना, एवढंच सांगा."

त्यांनी झटकन वर बघितलं. चार माणसं काढणार, हे त्यांना माहीत नव्हतं. मग ते म्हणाले, "सतरा नंबर. दमला की डावी टाच घासतो."

माझ्या काहीच लक्षात आलं नाही. सुवर्णाताईंचा हात मात्र परातीत होता तिथेच थांबला.

"चिंचेवरनं पडला व्हता," त्या म्हणाल्या. "नववीत. हाडवैद्यानं पाय बसवला, पण टाच..."

मग मला कळलं. पलटण हलवली होती आणि गुप्तता म्हणून आमच्या कागदांत ते आलं नव्हतं. आकड्यांमागे आम्ही नावं लपवली, चेहरे लपवले. चालण्याची ढब लपवायचं कुणाला सुचलं नाही. उलट बाहुले हुबेहूब चालतात याचाच आम्हाला केवढा अभिमान.

"म्हणजे तिथून येता येतं," मी म्हटलं.

"मी ते तोंडातनं काढणार न्हाई."

"साहेब—"

"पोटच्या पोराला कसं मारायचं ते मी घरात बसून बोलू? माझ्या तोंडानं?" त्यांचा आवाज चिरकला. "मॅडम, तुमचा इश्वास नसंल. पण माणसानं काय बोलावं आणि काय न्हाई ह्याला कायतरी हाय का न्हाई?"

त्या क्षणी मला त्यांना हलवून सांगावंसं वाटत होतं की तुमच्या न बोलण्यानंच तो मरणार आहे. माझी कच, माझं गणित, माझं पदक, सगळं मिळून त्यांच्या पोराला उघडं पाडणार आहे. पण बापाला हे कसं सांगायचं ते मला येईना.

सुवर्णाताईंनी गॅस बंद केला. हाताचं पीठ झटकलं. देव्हाऱ्याकडे एकदा बघितलं आणि परात उचलून नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली.

"बोला," त्या म्हणाल्या.

"सुवर्णा, घरात—"

"घरातच बोला. इतकी वर्सं मी ह्या घरात वाकडा शब्द बोलू दिला न्हाई. आज मीच सांगते. कसा मारणार त्येला, कुठनं येणार, सगळं सांगा. वास्तूला काय म्हणायचं ते म्हणू दे. तिला मी बघून घेते."

उत्तमरावांनी परात जवळ ओढली. मग त्यांनी पिठाचा डोंगर केला. बोटानं घळ पाडली.

"हा सहा नंबर. हितं कडा. अकरा वाजले की ऊन बरोबर बर्फावर येतं. कॅमेरा आंधळा, माणूस आंधळा. साडेअकरा ते एक वारा पडतो, म्हणजे दोर टाकता येतो. आणि ती जेवायची येळ." त्यांचा आवाज हळूहळू सपाट होत गेला. तो आवाज मी ओळखत होते. तो लाल बाजूचा आवाज. "हितनं कोण येणार न्हाई असं सगळे म्हणतात. म्हणून मी येणार. दोनशे माणसं, चार दोर. पूर्वेला दोन तास आधी तोफा सुरू करणार, म्हणजे तुमचं लक्ष तिकडं. कड्याच्या टोकाला एक खडक हाय, त्यावर एक जण पहाऱ्याला बसतो. पटावर त्येच्या चार दिवसांच्या नोंदी हायत, समोरनं दुर्बिणीतनं मी पण तेच बघतोय. साडेअकराला येतो, मांडीवर डबा घेतो."

"कोण?" सुवर्णाताईंनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"सतरा. पहिली गोळी त्येला."

सुवर्णाताईंनी पदर तोंडाला लावला. पण त्यांनी नवऱ्याला थांबवलं नाही. पुढचं सगळं सांगून होईस्तोवर त्या तिथेच बसून राहिल्या.

*

पाच वाजता उत्तमराव परत टोपी घालून बसले आणि सात वाजेपर्यंत कड्यावरून चढत राहिले. कच शंभरावर चिकटलेली. मी टोपीची तार काढून टाकली. नुसते डाव धर, कच धरू नको, असं पटाला सांगितलं. निकाल आला: सहा नंबरवरून अठ्ठावन्न टक्के. तिथे पाचच माणसं असतील, तर खिंड दीड तासात जाते.

सव्वासातला मी ब्रिगेडियर साहेबांशी बोलले. काहीच लपवलं नाही. पडद्यावर त्यांचा चेहरा दमलेला होता. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि हिंदीत विचारलं, "काल दोन टक्के, आज अठ्ठावन्न. मध्ये बदललं काय?"

मी काय सांगणार? मध्ये एवढंच बदललं होतं की बापाचं तोंड उघडलं. पण बाहेरून ते कसं दिसतं? बाप आपल्या पोराच्या चौकीवर जास्त माणसं मागतोय.

"प्रत्येक चौकीवर कुणाचा तरी मुलगा आहे, सुभेदार साहेब," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुमच्यासाठी मी पूर्वेची बाजू कशी रिकामी करू?"

उत्तमराव उठून पडद्यासमोर सावधान उभे राहिले. "साहेब, मला एकच सांगायचंय. सहावर माणसं द्या, पण मागच्या चिंचोळ्या नाळेतनं अंधारात चढवा आणि लपवा. एक पण दिसता कामा नये. चौकीवर जे चाललंय ते तसंच चालू द्या. सतरा नंबर रोज साडेअकराला त्या खडकावर बसतो. त्येला हलवू नका."

ब्रिगेडियर साहेब थोडे पुढे वाकले.

"त्येला सांगू पण नका," उत्तमराव म्हणाले. "सांगितलं तर तो मागं वळून बघंल. मी समोर असतो तर मला तेवढंच पुरलं असतं. जागा मोकळी दिसली तरी कळंल. तो बसला पाहिजे, रोजच्यासारखा. त्येला बसलेला बघितलं तरच मी दोर टाकीन."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

"तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय मागताय?" ब्रिगेडियर साहेबांनी विचारलं.

"व्हय, साहेब."

"चाळीस माणसं देतो," ते म्हणाले आणि पडदा काळा झाला.

*

गुरुवारी काही झालं नाही. पटावर आता खिंडीचं ताजं चित्र येत होतं, बुटांकडून थेट. साडेअकराला सतरा नंबर टाच घासत खडकावर येऊन बसला, बारा वीसला उठून गेला. त्या पन्नास मिनिटांत उत्तमरावांनी खुर्चीचा हात सोडला नाही.

शुक्रवारी साडेनऊला पूर्वेला तोफा सुरू झाल्या. साडेअकराला सतरा आला. बसला. लाल बाजूचं चित्र उपग्रहाकडून यायचं, आणि बर्फावरच्या उन्हामुळे कड्यावर नुसता पांढरा डाग होता. ब्रिगेडियर साहेबांचा माणूस फोनवर होता आणि उत्तमराव त्याच्याशी बोलत होते.

"आता मी निम्म्यावर हाय. गोळी झाडू नका. अजून दोन दोर यायचेत."

अकरा बावन्नला सतरा नंबर खडकावरून कोसळला.

"सतरा पडला," उत्तमराव म्हणाले. बसला नाही म्हणाले, पडला म्हणाले. लगेच पुढचं: "अजून न्हाई. अजून थांबा. मी वर माणसं गोळा करतोय. तीस होऊ द्या. आता... आता!"

पुढची चाळीस मिनिटं ते गनीम होते. "आता मी डावीकडच्या खडकामागं जाणार, तिथं मारा." "आता मी खालनं मदत मागवणार, दोर तोडा." एकही चाल चुकली नाही. समोर पटाच्या कोपऱ्यात सतराचा बाहुला आडवा पडलेला, बुटाकडून काहीही येत नव्हतं. त्यांनी तिकडे एकदाही बघितलं नाही. मी बघत होते.

बारा बत्तीसला लाल फौज मागे फिरली. खिंड आपल्याकडे राहिली. संध्याकाळपासून बर्फ पडायला लागला आणि वाटा बंद झाल्या. युद्ध पुढे सात आठवडे रेंगाळलं, पण त्याचा निकाल त्या दुपारीच लागला होता.

मी त्यांच्याबरोबर घरापर्यंत गेले. सुवर्णाताई दारात उभ्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या.

"पडलाय," उत्तमराव म्हणाले. "हलत न्हाई."

सुवर्णाताई खाली बसल्या आणि नवऱ्याच्या पायांवर पाणी ओतू लागल्या. तांब्या रिकामा झाला तरी त्यांचा हात ओततच होता.

साडेसहाला निरोप आला. सतरा जिवंत होता. गोळी मांडीतून आरपार, खडकावरून पडून बेशुद्ध, बुटाची पट्टी फुटलेली. त्याच्या शेजारी आणि मागे मिळून आठ जण गेले होते. उत्तमरावांनी त्या आठांची नावं मागितली. नियमात बसत नव्हतं. मी दिली.

*

डिसेंबरात पलीकडची काही कागदपत्रं आपल्या हाती आली. त्यांच्याकडेही एक पट होता आणि आमची, निळी बाजू खेळणारा त्यांचाही एक जुना सैनिक होता. त्याचा शेरा मी मुद्दाम भाषांतर करून घेतला: "कड्यावरचा पहारेकरी जागेवर आहे. सापळा असता तर त्याला आधी आत घेतलं असतं. हे लोक आपल्या पोराला उघड्यावर ठेवत नाहीत." त्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्याला तो चांगला ओळखत होता. त्यालाही मुलगा असेल का, हे काही कागदात नव्हतं.

उत्तमराव जानेवारीत पुन्हा टोपी घालून बसले. साधा सराव होता. कच पहिल्याच चालीला ऐंशी, पुढच्या प्रत्येक चालीला तेवढीच. टोपी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "आता सगळेच आकडे चालताना दिसतात, मॅडम," ते म्हणाले. "माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." मी माझं गणित दुरुस्त करून पाठवलं. माणूस जिथे कच खातो, तिथे आधी त्याला का ते विचारा, हा त्याचा सारांश. त्याला पदक मिळालं नाही.

मार्चमध्ये प्रज्वल सुट्टीवर आला. काठी टेकत, पण चेहऱ्यावर तेज. मला जेवायला बोलावलं होतं. सुवर्णाताई भाकऱ्या थापत होत्या, प्रज्वल खुर्चीवर पाय लांब करून गोष्टी सांगत होता. बाप पुण्यात काय काम करतो हे त्याला कधी सांगितलं गेलं नव्हतं. कॉम्प्युटरवर काहीतरी, एवढंच त्याला ठाऊक.

"काकू, ऐका तर," तो मला म्हणाला. "मी तिथं डबा खातोय आरामात, आणि माझ्या मागं चाळीस जण लपवलेले! दोन दिवस! सगळ्यांना म्हाईत, मलाच न्हाई. नंतर दवाखान्यात कळलं, वरनं हुकूम व्हता, सतराला हलवायचं न्हाई, सांगायचं पण न्हाई. म्हणजे गळाला लावलेला गांडूळ मी!"

सुवर्णाताईंचा थापणारा हात थांबला.

"पण डोकं बघा त्या माणसाचं," प्रज्वल म्हणाला. "मी हललो असतो तर ते आलेच नसते. दुसरीकडनं आले असते, आणि खिंड गेली असती, सगळे गेले असते. ज्यानं कुणी हे ठरवलं ना, तो एकदा भेटायला पायजे."

"भेटून काय करशील?" उत्तमरावांनी विचारलं.

"आधी एक थोबाडीत दीन," प्रज्वल हसत म्हणाला. "मग पाया पडीन."

उत्तमराव ताटावरून उठले. त्यांच्या ताटातली भाकरी तशीच होती. ऑक्टोबरपासून रोज अशीच उरायची. त्यांनी चष्मा काढून खिडकीत ठेवला, मुलासमोर येऊन उभे राहिले आणि गाल पुढे केला.

"दे," ते म्हणाले.

प्रज्वलला आधी ते थट्टेवारी वाटलं. मग त्यानं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. काठीला धरून तो उभा राहिला आणि बापाच्या पायाशी वाकू लागला. मांडी मुडपेना.

"तसं न्हाई," सुवर्णाताई म्हणाल्या. त्यांनी तवा खाली उतरवला. "आधी पयलं दे, मग दुसरं. बोललास तसंच कर. त्याबिगर त्यांना घास जायचा न्हाई."

"आई, बापाला कसं..."

"मी सांगते. दे."

प्रज्वलनं दिली. फार जोरात नव्हती, पण आवाज झाला. मग काठी टाकून त्यानं बापाच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि दोघंही मोठ्यानं रडले, शेजारी ऐकू जाईल इतकं.

थोड्या वेळानं उत्तमराव तोंड धुऊन परत ताटावर बसले. त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली.